साडेसहा कोटी वर्षांचं कंपाउंड

छत्रपती संभाजीनगर शहराच्या कडेला प्लॉट घेतला की घराआधी कंपाउंड उभं राहतं. सातारा-देवळाई असो, हर्सूल असो, पडेगाव असो की बीड बायपासच्या पलीकडचं नवं प्लॉटिंग, क्रम ठरलेला. चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढल्या जातात, खड्डे पडतात, नारळ फुटतो आणि आठवडाभरात कॉलमच्या सळया रांगेत उभ्या दिसतात. बंगल्याचा नकाशा लोक चारचौघांना दाखवतात, कंपाउंडचा कुणी काढतही नाही. मिस्त्री विचारतो, "उक्तं द्यायचं का रोजानं?" आणि रनिंग फुटाचा दर ठरला की मालकाच्या लेखी विषय संपतो.

खरा विषय तिथून सुरू होतो, आणि तो बघायचा तर भिंत वर येण्याआधी, खड्डा खणला जात असताना काठाशी उभं राहायला हवं.

छत्रपती संभाजीनगरच्या सखल भागात खणलं तर वरचा थर काळा निघतो. कोरडा असेल तर ढेकळं दगडासारखी, ओला असेल तर फावड्याला चिकटून बसणारा. त्याखाली रंग बदलतो. पिवळट, तांबूस, हाताने चुरा होईल असा मुरूम लागतो. आणखी खाली टिकावाचा आवाज बदलतो, पहारीला धक्का बसतो आणि खणणारा वर बघून सांगतो, "साहेब, दगड लागला." डोंगराच्या पायथ्याला हे सगळं दोन-तीन फुटांत उरकतं. नाल्याच्या काठाला काळी मातीच पुरुषभर खोल जाते.

माती, मुरूम आणि दगड या तीन वेगळ्या वस्तू नाहीत, ही यातली पहिली थक्क करणारी गोष्ट. तो एकच लाव्हा आहे, तीन वयांतला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यातून लाव्हाचे लोटच्या लोट पसरले आणि थरावर थर थिजत गेले. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश त्या थिजलेल्या लाव्हाखाली, म्हणजे बेसाल्टखाली आहे. दगड म्हणजे तो लाव्हा जवळजवळ जसाच्या तसा. मुरूम म्हणजे ऊन-पावसानं अर्धा कुजलेला. काळी माती म्हणजे पूर्ण कुजून, रसायनच बदलून गेलेला. वेरूळचं कैलास याच दगडात कोरलं, देवगिरीचा ताशीव कडा याच दगडाचा, आणि क्रशरवर फुटून डंपरमधून ब्रासच्या हिशेबानं प्लॉटवर पडणारी खडीही त्याचीच. खडीशेजारी पडलेली क्रश सँड म्हणजे तोच दगड आणखी बारीक केलेला. म्हणजे आपलं कंपाउंड मुख्यतः लाव्हाचं, आणि ते उभं राहणार लाव्हावरच. प्रश्न एवढाच की कितव्या वयाच्या.

मिस्त्रीला हे भूशास्त्र कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो खड्ड्यात उतरून पायाच्या अंगठ्यानं माती दाबतो आणि म्हणतो, "अजून खाली जावं लागेल." काळ्या मातीवर त्याचा विश्वास नसतो. का नसतो, हे समजायला त्या मातीच्या पोटात शिरावं लागतं.

बेसाल्ट कुजून जी माती होते तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. फ्रान्समधल्या माँमोरिलाँ गावावरून त्याला हे नाव पडलं, पण त्याचा संसार आपल्याकडे जास्त मोठा आहे. त्याची रचना पानापानांची, एखाद्या जाड पोथीसारखी. फक्त प्रत्येक पानाची जाडी एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पानांवर थोडा ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे पानांच्या मध्ये धनभारित अणू अडकलेले असतात, आणि हे अणू पाण्याचे रेणू आत खेचून घेतात. पाणी शिरलं की पानं दूर सरकतात, पाणी गेलं की मिटतात. ही सगळी पानं उलगडून पसरता आली तर शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममधून सुमारे 800 चौरस मीटर क्षेत्र निघतं. आपल्या मोजमापात सांगायचं तर एका ग्रॅमचा जवळपास आठ गुंठे पसारा. दीड गुंठ्याच्या प्लॉटभोवती आपण भिंत घालतो आणि त्या भिंतीखालच्या चिमूटभर मातीत त्याच्या कितीतरी पट जमीन घडी घालून ठेवलेली असते.

या घडीत पाणी साठतं म्हणून तर मराठवाड्याचं पोट चालतं. पावसाळा संपून गेल्यावर, वरून थेंब न पडता, रब्बीची ज्वारी कशाच्या बळावर कणसात येते? काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर. उन्हाळ्यात हीच माती आक्रसते, तिला हात-हात खोल भेगा पडतात, वरचा भुगा त्या भेगांत जाऊन पडतो आणि पुढच्या पावसात माती फुगून तो आतल्या आत मिसळून टाकते. शेत असं दरवर्षी थोडंफार स्वतःला नांगरून घेतं. शेतकऱ्याला जी माती कसदार वाटते तीच गवंड्याला नकोशी, आणि कारण दोघांचं एकच. ती पाणी पिऊन फुगते.

फुगते म्हणजे किती जोरानं? काळी माती कोरडी असताना कोंडून ठेवली आणि मग पाणी पाजलं तर ती चौरस मीटरला पाच-दहा टनांपासून वीस-तीस टनांपर्यंत रेटा देऊ शकते. आता आपल्या भिंतीचं वजन काढू. नऊ इंची विटांची, पाच फूट उंच भिंत एका मीटर लांबीत साधारण साडेसहाशे किलो भरते. तिचा पाया दीड फूट रुंद धरला तर चौरस मीटरवर पडणारा भार दीड टनाच्या आसपास. खालून रेटा दहा टनांचा आणि वरून दाब दीड टनाचा! माती भिंतीला उचलते यात नवल नाही, ती रोज उचलत नाही हे नवल. म्हणूनच काळ्या रानात उलटं दृश्य दिसतं. तीन मजली इमारत ठीक उभी असते आणि तिचं कंपाउंड मात्र तिरपं तडकलेलं. लोक म्हणतात ठेकेदारानं कंपाउंडला माल कमी वापरला. असेलही. पण काळ्या मातीत हलकी भिंत ही जड इमारतीपेक्षा अवघड गोष्ट आहे. इमारतीचं वजन मातीला दाबून ठेवतं आणि तिचा पायाही खोल जातो. भिंतीपाशी दोन्हींची वानवा.

मग करायचं काय? जुना उपाय सरळ: काळी माती काढा, मुरूम लागेपर्यंत जा. कॉलमचा खड्डा तळाशी मुरमात टेकला की अर्धी लढाई जिंकली. काळी माती फारच खोल असेल तर ती काही फूट काढून मुरूम भरायचा, पाणी मारायचं आणि धुमस घालून थराथरानं ठोकायचा. मुरूम त्याच लाव्हाचा, पण त्याचं कुजणं अर्ध्यावर थांबलेलं, म्हणून तो पानांसारखा उघडत-मिटत नाही. या गावठी उपायामागे काय दडलं आहे याचा कसून अभ्यास आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी केला. न फुगणाऱ्या, पण आपले कण एकत्र धरून ठेवणाऱ्या मातीचा साधारण एक मीटर जाड थर काळ्या मातीवर नीट ठोकून घातला, तर तो खालच्या मातीचं फुगणं आवरतो. गंमत म्हणजे त्या थराच्या नुसत्या वजनातून जेवढं आवरलं जावं त्याहून कितीतरी जास्त. काळ्या रानातून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तरीकरणाला त्या कामाचा मोठा आधार मिळाला.

दुसरा उपाय रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं रूढ केला. जमिनीत गिरमिटानं बारीक, खोल भोक पाडायचं, तळाशी विशिष्ट अवजारानं ते फुगीर कोरायचं आणि सळया घालून काँक्रीट भरायचं. खाली गड्डा असलेला खांब तयार होतो. तो साधारण साडेतीन मीटर खाली जातो, जिथे उन्हाळा असो की पावसाळा, ओल फारशी बदलत नाही. वरची माती कितीही ओढो, गड्डा त्याला हलू देत नाही. अशा खांबांवर जी आडवी तुळई टाकतात ती जमिनीला टेकवायची नाही, असा नियम आहे. तिच्या पोटाखाली किमान 80 मिलिमीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे पावसाळ्यात माती फुगून वर आली तरी तिला वर यायला वाव राहील. इतकी साधी युक्ती, पण ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो होतो. भिंत जमिनीवर उभी असते असं आपण गृहीत धरतो. इथे भिंत जमिनीला न शिवता तिच्यावरून जाते. मालकांना अर्थात ही फट खपत नाही. उंदीर-घुशी येतील म्हणून ते ती दगडमातीनं गच्च भरून घेतात आणि अभियंत्यानं पैसे घेऊन सोडलेली मोकळी जागा फुकटात बुजवतात.

खड्डे झाले की कॉलमची नेमकी आखणी, आणि आता हत्यारं बाहेर येतात. ती बघून कुणाला वाटेल की या कामात काही अचूकपणा असणं शक्य नाही. एक दोरी, लाकडी गुण्या, ओळंबा आणि दहा-पंधरा मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी. बस.

कोपरा काटकोनात आहे का हे बघायला मिस्त्री एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरतं का ते पाहतो. यज्ञवेदी आखायला शिकवणाऱ्या शुल्बसूत्रांतही दोरीनं हेच चालायचं. मग येते नळी. तिच्यात पाणी भरायचं, हवेचा बुडबुडा एकही राहू द्यायचा नाही. एक टोक या कॉलमला, दुसरं त्या कॉलमला. दोघे जण ओरडून बोलतात, "घे वर... थोडं खाली... हां, बस!" आणि पेन्सिलची खूण होते. मधे मातीचा ढीग असो, विटांची थप्पी असो, नळी वेटोळं घालून पडलेली असो, दोन टोकांतल्या पाण्याला काही फरक पडत नाही. जोडलेल्या पाण्याची पातळी एकच राहते. या शहराला तर हे तत्त्व फार जुन्या ओळखीचं आहे. मलिक अंबरच्या काळापासून इथल्या नहरींनी दूरच्या उंचीवरचं पाणी बंद नळांतून शहरात आणलं, आणि पाणचक्कीपाशी ते भिंतीच्या आतून वर चढून पुन्हा खाली कोसळतं ते याच न्यायानं. नळीचा एक बारकावा मात्र जाणता मिस्त्रीच सांभाळतो. एक टोक तासभर उन्हात आणि दुसरं सावलीत ठेवू नये. गरम पाणी हलकं होतं. दहा अंशांचा फरक पडला तर मीटरभर उंचीच्या पाण्यात तीन मिलिमीटरची चूक शिरते.

ओळंब्याबद्दल काय सांगावं. पितळेचा किंवा लोखंडी गोळा, दोरी आणि गोळ्याच्या व्यासाएवढा लाकडी ठोकळा. ठोकळा कॉलमला टेकवला आणि गोळा कॉलमला जेमतेम चाटून राहिला की कॉलम सरळ. दोरी पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेली असते, म्हणून खरं तर दोन कॉलमचे ओळंबे एकमेकांना समांतर नसतात. तीस मीटर अंतरावर त्यांच्यात एका अंशाचा छत्तीसशेवा भाग एवढा कोन असतो. भिंतीला याचा काडीचा उपयोग नाही. मला मात्र कंपाउंडचे कॉलम पाहिले की आठवतं की ते सगळे, अगदी किंचित का होईना, वर जाताना एकमेकांपासून फाकत चाललेले आहेत.

सळई आपल्याकडे बहुधा जालन्याची. साठ-एक किलोमीटरवर तिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं आणि टीएमटीच्या सळया होऊन बाहेर पडतं. लाल सळईवर पाण्याचा मारा होतो. साल कडक होते, गाभा मऊ राहतो. म्हणून ती वाकते पण मोडत नाही, आणि म्हणूनच सेंट्रिंगवाला तिच्या चौकोनी रिंगा साध्या पाटावर हातानं वळवू शकतो.

काँक्रीटमध्ये लोखंड घालायची कल्पना रुजवणाऱ्यांत एक फ्रेंच माळी होता, हे कंपाउंडच्या निमित्तानं सांगायलाच हवं. जोसेफ मोनिए त्याचं नाव. मातीच्या कुंड्या फुटतात, लाकडी सडतात, म्हणून त्यानं सिमेंटच्या कुंड्या केल्या. त्याही तडकायच्या, म्हणून आत तारेची जाळी घातली. 1867 मध्ये त्यानं पेटंट घेतलं. आजचे पूल, धरणांचे सांडवे, गगनचुंबी इमारती यांच्या वंशावळीत वर जाऊन एक झाडाची कुंडी आहे.

पण ही जोडी जमली यात निसर्गाचाही कौल होता. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला दुबळं. लोखंड ताणाला उत्तम. ठीक. तापल्यावर मात्र प्रत्येक पदार्थ आपापल्या प्रमाणात वाढतो. एक अंश तापमान वाढलं की मीटरभर काँक्रीट मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागानं लांबतं. मीटरभर पोलाद? जवळजवळ तेवढंच. हे आकडे मेळ खाणारे नसते तर आपल्या मे महिन्यातल्या उन्हात सळई आत एक म्हणाली असती आणि काँक्रीट बाहेर दुसरं, आणि काही उन्हाळ्यांत दोघांची फारकत झाली असती. ते जुळावेत असं कुणी ठरवलेलं नाही, योगायोग आहे. दुसरी मेहेरबानी अशी की ओल्या सिमेंटमध्ये तीव्र अल्कली असते आणि त्या वातावरणात लोखंडावर गंज रोखणारा अदृश्य पापुद्रा धरतो. हीच अल्कली काम करणाऱ्यांच्या बोटांची सालं काढते. लोखंडाला जपणारा माल माणसाचे हात मात्र खातो, आणि रबरी हातमोजे आपल्याकडच्या कामांवर क्वचितच दिसतात.

काँक्रीट ओतायचा दिवस म्हणजे कामाचा सणच. मिक्सर असेल तर मिक्सर, नाहीतर जमिनीवरच माल कालवायचा. एका गोणीला दीड गोणी वाळू, तीन गोण्या खडी असं प्रमाण, पण मोजमाप घमेल्यांत. घमेली हातोहात फिरतात, डोक्यावर चुंबळ ठेवलेल्या मावश्या फळीवरून चढतात, वर मिस्त्री ओततो आणि सळईनं कोचत राहतो, मधूनच हातोडीनं फळ्यांवर ठोकतो. कोचलं नाही तर हवा आत राहते आणि फळ्या काढल्यावर कॉलम मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र निघतो.

दगड, वाळू इथली, सळई जालन्याची. सिमेंट मात्र लाव्हाच्या घराण्यातलं नाही. ते समुद्राकडून आलेलं. गोणी चंद्रपूरकडची असेल, कोरपना तालुक्यातल्या गडचांदूर-आवारपूरची, तर तिच्यातला चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपास जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. शिंपले तेव्हा जन्माला यायचे होते. कवच असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. तो चुनखडक मातीबरोबर सुमारे 1450 अंशांना भाजतात, दळतात आणि गोणीत भरतात. दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हा हा चुनखडक आधीच म्हातारा होता. आपल्या कंपाउंडच्या कॉलममध्ये या दोघांची गाठ पडते, आणि गाठ घालून देतं पाणी.

काँक्रीट "सुकतं" असं आपण म्हणतो. ते सुकत नाही. सिमेंटचे कण पाण्याशी रासायनिक संयोग पावतात, कणाकणांवर डोळ्यांना न दिसणारी तंतुमय वाढ होते, ती वाळूभोवती, खडीभोवती, सळईभोवती गुंतत जाते आणि सगळं जखडून टाकते. पाण्यातही काँक्रीट घट्ट होतं, उलट जास्त चांगलं होतं. 50 किलोच्या एका गोणीतलं सिमेंट पूर्णपणे संयोग पावलं तर साडेअकरा लिटरच्या आसपास पाणी दगडाचा भाग बनून जातं. या शहराच्या नळाला येणारं पाणी पैठणला गोदावरीवर असलेल्या नाथसागराचं. म्हणजे गोदावरीतल्या घागरभर पाण्याचा प्रत्येक गोणीमागे दगड होतो आणि तो पुन्हा नदीला मिळत नाही.

माल कालवायला मात्र त्याच्या दुपटीहून जास्त, पंचवीस लिटरपर्यंत पाणी लागतं, नाहीतर तो फळ्यांच्या कोपऱ्यात सरकत नाही. इथेच खरी कुस्ती होते. पातळ माल ओतायला सोपा, कोचायला सोपा, डोक्यावरून वाहायला त्रास कमी. म्हणून दुपार चढली की कुणीतरी हळूच आणखी अर्धी बादली ओततं. हे जास्तीचं पाणी कामाला लागत नाही. ते नंतर उडून जातं आणि जिथे होतं तिथे सूक्ष्म पोकळ्या सोडून जातं. त्या पोकळ्यांतून पुढे हवा शिरते, ओल शिरते, सळईचा पापुद्रा जातो. तरी बिगाऱ्यांवर रागावणं मला जमत नाही. बेचाळीस अंशांत घट्ट माल वाहून बघावा म्हणजे कळतं. दोष द्यायचाच तर पैसे वाचवायला एक माणूस कमी लावणाऱ्याला द्यावा.

आणि ओतून झाल्यावर उलट चित्र. मालात पाणी जास्त, मारायला पाणी कमी! कारागीर निघून गेलेले असतात, मालक दूर राहत असतो आणि या गावात नळाला वर्षानुवर्षं अनेक दिवसांआड पाणी येत आलं आहे. टँकर मागवून भिंतीवर पाणी मारायचं म्हणजे जिवावर येतं. नियम सांगतो, साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या उन्हात किमान दहा दिवस ओल राखा, आणि चौदा दिवसांपर्यंत नेलं तर उत्तम. दुकानातली बहुतेक गोणी आता औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेलीच असते. राख उशिरा काम सुरू करते, सिमेंटनं मोकळा केलेला चुना खाऊन हळूहळू घट्ट होते. तिला वेळही हवा आणि पाणीही. उन्हाळी वाऱ्यात दोन दिवसांत कॉलम कोरडा पडला तर ही क्रिया अर्ध्यात थांबते, बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं तर थोड्या पाण्यात भागतं. पाइप घेऊन भिंत धुण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं, आणि जुने गवंडी हेच सांगतात.

कॉलमच्या मधल्या विटा तुलनेनं सोपं काम. विटा भिजवून घ्यायच्या, नाहीतर त्या मालातलं पाणी शोषून घेतात. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. आजकाल परळीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटाही चालतात. रेडिमेड कंपाउंड तर दोन दिवसांत उभं राहतं, खाचेचे खांब रोवले आणि फळ्या सरकवल्या की झालं. काळ्या मातीत त्याची एक जमेची बाजू आहे. फळ्या खाचेत सैल असतात, म्हणून जमीन थोडी हलली तर त्या तडकत नाहीत, नुसत्या सरकतात.

हे सैलपण जुन्या लोकांनी वेगळ्या रीतीनं, चुन्यानं साधलं होतं. शहराचा तट औरंगजेबाच्या काळात उभा राहिला, भडकल दरवाजा त्याआधीचा, 1612 मधला मलिक अंबरचा. बिबी का मकबरा दुरून संगमरवरी दिसतो, पण संगमरवर थोडाच, बाकी बराचसा भाग घोटून गुळगुळीत केलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा. चुनाही चुनखडकाचाच, पण कमी आचेवर भाजलेला. भाजताना चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि भिंतीत बसल्यावर चुना तोच वायू हवेतून परत घेत हळूहळू पुन्हा चुनखडक होतो. याला वर्षं लागतात. तोवर भिंत किंचित हलली तर सांधा निमूटपणे वळतो, केसाएवढी चीर पडली तर पाण्यातून आलेला चुना ती भरून काढतो. सिमेंट लवकर आणि जास्त घट्ट होतं, त्यामुळे ते वळत नाही, फुटतं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंह आणि इथल्याच विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांचं हे संशोधन 2016 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही ठिसूळ मालाला ताण सोसणारं काहीतरी हवं होतं.

सिमेंटच्या भिंतीला सैलपण मुद्दाम द्यावं लागतं. तीस मीटर काँक्रीट तीस अंशांच्या फरकानं नऊ मिलिमीटरनं वाढतं. म्हणून लांब कंपाउंडमध्ये ठरावीक अंतरावर आरपार फट सोडतात. ती नसेल तर भिंत स्वतःच, स्वतःला हवी तिथे, फट पाडून घेते.

शेवटी बाग, कारण कंपाउंडच्या आत तीच असते आणि भिंत तिरपी करणारी बहुतेक वेळा तीच. आतल्या बाजूला रोज पाणी, लॉन, जास्वंद, मोगरा. बाहेरच्या बाजूला कोरडा रस्ता. काळ्या मातीत याचा अर्थ भिंतीच्या एका अंगाला माती फुगलेली आणि दुसऱ्या अंगाला आक्रसलेली, आणि भिंत सावकाश रस्त्याकडे झुकू लागते. कडुनिंब किंवा पिंपळ भिंतीला खेटून लावला तर उलट होतं. मुळं उन्हाळ्यात त्या बाजूची ओल ओढून घेतात, माती बसते आणि भिंत झाडाकडे कलते. दोन्ही ठिकाणी लोक भिंतीला टेकू लावतात, गिलावा पुन्हा करतात, मिस्त्रीला बोल लावतात. त्यापेक्षा फुलझाडांची ओळ भिंतीपासून चार-पाच फूट आत घ्यावी, मोठं झाड त्याहून बरंच लांब लावावं आणि भिंतीलगत दोन्ही बाजूंना मुरमाची उतरती पट्टी ठोकून पावसाचं पाणी दूर काढून द्यावं. भिंतीच्या तळाशी पाणी जायला पाइपचे तुकडे बसवायचे ते काँक्रीट ओतायच्या आधी. नंतर छिन्नीनं भोकं पाडताना सळई उघडी पडते.